प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांचा संच अल्बममध्ये लावायचा आहे. प्रत्येक सालाचे नाणे हवे का?

नको. प्रकारसंचात, म्हणजे प्रत्येक प्रकारचे एकच नाणे ठेवणाऱ्या संचात, साल किंवा टाकसाळ मोजली जात नाही. मूल्य, धातू, आकार किंवा नक्षी बदलली की नवा कप्पा, एवढाच नियम पाळावा. सुरुवात 1950 च्या आणे मालिकेपासून करावी, कारण तिच्यात अवघी सात नाणी आहेत: घोड्याचा पैसा, बैल असलेली अर्धा, एक व दोन आणे, आणि गव्हाच्या लोंब्यांची पाव, अर्धा व एक रुपया.

खरी गंमत 1 एप्रिल 1957 नंतरच्या दशमान नाण्यांत आहे. एका पैशाचेच पाहा: आधी ब्राँझचा नया पैसा, 1962 पासून निकेल-ब्रासचा, 1964 मध्ये ‘नया’ हा शब्द गळाला आणि 1965 पासून अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी नाणे आले, त्यामुळे या एका मूल्यासाठी निदान चार कप्पे मोकळे ठेवावेत. स्मारक नाणी, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या स्मरणार्थ काढलेली, वेगळ्या अल्बममध्ये ठेवावीत, नाहीतर संच कधीच पुरा होत नाही.

अल्बमची पाने पीव्हीसी या प्लास्टिकची मुळीच घेऊ नयेत, कारण त्यांमुळे तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो. नाणी घासून चकचकीत करण्याचा मोहही टाळावा.