किनोआचा भाज्या घालून केलेला पुलाव कडवट आणि गिचका होतो. काय चुकतंय?

कडवटपणा नीट न धुतल्यामुळे येतो आणि गिचका जास्त पाण्यामुळे होतो. किनोआच्या दाण्यावर सॅपोनिन या कडू द्रव्याचा थर असतो. रिठ्याला फेस येतो तो याच प्रकारच्या द्रव्यामुळे. म्हणून बारीक गाळणीत घेऊन फेस थांबेपर्यंत वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पाकिटावर 'धुतलेला' लिहिलं असलं तरी एकदा धुवाच. मी घरी नेहमी असा करते: एक वाटी किनोआला पावणेदोन वाट्या पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं, मग गॅस बंद करून १० मिनिटं हात लावायचा नाही. दाण्यातून पांढरी शेपटी सुटली की शिजला. फरसबी, गाजर, मटार फोडणीत वेगळे परतून शेवटी मिसळा, नाहीतर भाज्यांना सुटलेलं पाणी किनोआ पितो.

हे प्रमाण मोकळ्या पदार्थांपुरतंच. किनोआ मूळचा अँडीज पर्वतातला. तिकडे पेरू देशात बटाटा, गाजर घालून त्याचं सूप करतात. त्यात धुतलेला दाणा थेट उकळत्या रश्शात जातो आणि मऊ झालेलाच छान लागतो. तसा किनोआ आपल्या चाकवताचा जवळचा भाऊबंद, त्यामुळे लसणाची फोडणी त्याला फार शोभते.