पदवीला ८२ टक्के, सीईटीला ५६ पर्सेंटाइल : एलएलबीला प्रवेश मिळेल का?

प्रश्न : मी नाशिक रोडला राहते. पुणे विद्यापीठातून बी.कॉम. झालं, ८२ टक्के मिळाले. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत मात्र ५६ पर्सेंटाइलच आले. प्रवर्ग खुला. पदवीच्या चांगल्या गुणांमुळे सीईटीची कसर भरून निघेल का? मला नाशिकमध्येच शिकायचं आहे.

उत्तर : गुणवत्ता यादीत ती कसर भरून निघत नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण या गैरसमजापायी दरवर्षी हुशार मुलांच्या जागा हातच्या जातात. महाराष्ट्रात पदवीचे गुण हा उंबरठा आहे. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, तुम्ही तो केव्हाच ओलांडलात. पण एकदा आत आल्यावर ४६ टक्केवाला आणि ८२ टक्केवाली एकाच रांगेत उभे राहतात आणि रांग लागते ती सीईटीवर. दोघांचा सीईटीचा स्कोअर अगदी सारखा आला, तर बरोबरी सोडवताना पदवीचे गुण पाहतात, तेवढाच त्यांचा उपयोग.

‘चांगले गुण असतील तर कमी स्कोअर चालतो’ हा सल्ला इंटरनेटवर सापडतो, तो बहुतेक वेळा अमेरिकेतल्या प्रवेशाबद्दल असतो. तिथे एलसॅट ही १२० ते १८० गुणांची परीक्षा असते, पदवीचे गुण, निबंध आणि शिफारसपत्रं एकत्र पाहून विद्यापीठ निर्णय घेतं. आपल्याकडे ना निबंध ना शिफारसपत्र. संगणक क्रमवारी लावतो आणि जागा वाटतो.

५६ पर्सेंटाइल म्हणजे ५६ गुण नव्हेत, हेही लक्षात घ्या. परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या साधारण ५६ जणांइतके किंवा त्यांच्यापेक्षा जास्त गुण तुम्हाला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे नाशिकमध्ये काय मिळेल, याचा अंदाज मागच्या दोन वर्षांचे कटऑफ पाहूनच बांधता येईल. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय याद्या असतात. नाशिकमधली एनबीटी, नवजीवन, मविप्र ही विधी महाविद्यालयं घ्या, आपल्या प्रवर्गाची ओळ शोधा आणि पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत आकडा किती खाली उतरला ते वहीत मांडा. बहुतेक जण फक्त पहिली फेरी पाहून धीर सोडतात. अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी वेगवेगळी पाहा. अनुदानित तुकडीची फी कमी असल्याने तिच्यावर उड्या पडतात.

पसंतीक्रम भरताना मिळण्याची शक्यता बघून क्रम लावू नका, मनातली आवड बघून लावा. संगणक यादी वरून खाली तपासतो. अवघड महाविद्यालय पहिलं टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. खरी चूक वेगळीच होते : नाशिकची दोन-तीन नावं टाकून अर्ज पक्का करायचा. मग एकही मिळालं नाही की फेरीतून रिकाम्या हाताने बाहेर. धुळे, जळगाव, अहिल्यानगर, पुणे अशी नावंही खाली असू द्या. मात्र जिथे जायची तयारीच नाही ते नाव पहिल्या क्रमांकावर नको, कारण पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, नाकारली तर पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद होतो. दुसऱ्या किंवा खालच्या पसंतीची जागा मिळाली तर ती राखून पुढच्या फेरीत सुधारणेसाठी थांबता येतं, पण वरची मिळाली की हातातली आपोआप सुटते.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला तहसील कार्यालयातून आत्ताच काढा. अर्ज ‘आपले सरकार’वर किंवा सेतू केंद्रात होतो. दाखला चालू वर्षाचा हवा, मुदतीत जोडला नाही तर तुमचा अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. संस्थास्तरीय, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः भरायच्या, कोट्यातून जागा घ्यायचा विचार असेल, तर दोन गोष्टी आधी तपासा : तिथेही सीईटीत शून्यापेक्षा जास्त स्कोअर लागतोच, आणि त्या जागेला शासनाची फीसवलत मिळत नाही.

यंदा जमलं नाही आणि पुन्हा सीईटी द्यायची ठरली, तर तयारीची पद्धत बदला. सीईटीत १२० प्रश्न आणि १२० मिनिटं असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडणं हे नुकसानच. १२० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे आणि ३२ सामान्यज्ञानाचे असतात, कायद्याचे २४ आणि तर्काचे २४. मुलं बहुतेक वेळ कायद्यात घालवतात आणि इंग्रजीत गुण सांडतात.

विद्यापीठात चांगले गुण मिळवणारी मुलं कायद्याच्या प्रश्नात कुठे अडतात, ते एका उदाहरणातून बघू. तत्त्व दिलंय : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, बेइमानीच्या हेतूने हलवली तर ती चोरी. प्रसंग : सीबीएसवर बसची वाट पाहणाऱ्या एका बाईने स्वतःची समजून शेजारच्या प्रवाशाची काळी छत्री उचलली. पाठांतर करणारी मुलगी ‘छत्री दुसऱ्याची होती, म्हणून चोरी’ असं टिकमार्क करते. तत्त्वात बेइमानीची अट आहे आणि प्रसंगात ती नाही, म्हणून चोरी झालेली नाही. बाईने काळजी घ्यायला हवी होती, पोलिसांनी काय करावं, हे काहीही प्रश्नात विचारलेलं नाही. दिलेल्या तत्त्वाबाहेरचं डोक्यात येऊ न देणं, याचा सराव वेळ लावून रोज वीस प्रश्नांनी करा. आणि जुन्या पुस्तकांतून अभ्यास करू नका : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, चोरीचं कलम ३७८ आता ३०३ झालंय.

प्रश्न : मुलाला बारावीला ९१ टक्के आहेत, पण क्लॅटमध्ये रँक फार मागे गेला. राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुटलं का? (सिन्नर)

उत्तर : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅटच्या रँकवरच प्रवेश होतो. बारावीचे ९१ टक्के तिथेही फक्त पात्रतेपुरते. रँक फारच मागे असेल तर या वर्षी आशा धरू नका. पाच वर्षांच्या एलएलबीची राज्याची सीईटी दिली असेल तर त्यातून प्रवेश घ्या. दुसऱ्यांदा क्लॅट द्यायची झाली तर वयाची अट नाही. मात्र तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे सीईटीसारखं सगळं रंगवून चालत नाही.

प्रश्न : मी बारावी न करता, पूर्वतयारी अभ्यासक्रम करून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली. गुण ७० टक्के. एलएलबीला चालेल का? (पंचवटी)

उत्तर : चालणार नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत नियम ५ आहे. दहावी-बारावीची पायरी न चढता थेट मुक्त विद्यापीठातून मिळवलेली पदवी त्याखाली अपात्र ठरते, गुण कितीही असोत. बारावी उत्तीर्ण होऊन मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असती तर अडचण नव्हती. सीईटीचा अर्ज संकेतस्थळ स्वीकारतं, फीही घेतं, आणि अपात्रता कागदपत्रं तपासताना पुढे येते. त्यामुळे पैसे भरण्याआधी हे समजून घ्या.