नवजात बाळाचं अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय, ते एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. बाप म्हणून मी नेमकं काय करू?

तुम्ही लिहिलंय की बाळ पाच दिवसांचं आहे, अन्ननलिका जोडण्याचं ऑपरेशन परवा झालं, बायको सिझेरियननंतर दुसऱ्या वॉर्डात आहे. तुम्ही दिवसभर काचेबाहेर उभे असता आणि रात्री घरी झोपायला जायचं तर अपराधी वाटतं. सात वर्षांपूर्वी मी त्याच काचेबाहेर होतो. माझ्या मुलीलाही हाच दोष होता, अन्ननलिका जन्मतःच मधे तुटलेली. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

पहिले तीन दिवस मी तिथे पाहुण्यासारखा वागलो. आपल्यामुळे कुणाला अडचण नको, म्हणून भिंतीला टेकून मॉनिटरकडे बघत राहायचो. ऑक्सिजनचा आकडा ९४ वरून ८८ वर आला की माझ्या पोटात गोळा. चौथ्या दिवशी एक सिस्टर वैतागून म्हणाल्या, "मशीनकडे मी बघते, तुम्ही पोरीकडे बघा. हात धुतलेत ना? मग या इकडे." आणि त्यांनी मला तिला धरायला शिकवलं. उचलायचं नाही, नुसतं धरायचं. एक तळहात डोक्यावर, दुसऱ्या हाताने दुमडलेले पाय पोटाकडे घेऊन स्थिर ठेवायचे. हात गरम हवेत. कुरवाळायचं नाही. आपल्याला वाटतं हळूच फिरवलेला हात बरा, पण इतक्या लहान, दुखणाऱ्या बाळाला तो हुळहुळता स्पर्श सोसत नाही. स्थिर, भरीव हात सोसतो. नळीतून सक्शन करताना, म्हणजे साचलेला स्राव ओढून काढताना, किंवा टाचेतून रक्त घेताना मी असा धरून राहायचो आणि ती लवकर शांत व्हायची. तुमच्या सिस्टरना विचारून हे आजच शिकून घ्या.

एका गोष्टीची आधी कल्पना असलेली बरी. बाळ व्हेंटिलेटरवर असेल तर त्याच्या रडण्याला आवाज नसतो, कारण नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. तोंड उघडं, कपाळावर आठ्या, चेहरा लाल, आणि आवाज काहीच नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नळी निघाल्यावरही दोन दिवस घोगराच आवाज होता.

नाकातून पोटात गेलेली बारीक नळी जोडाच्या आतून गेलेली असते. ती ओढली जाता कामा नये. चुकून निघालीच तर परत सरकवणं हे सर्जनचं काम. बाळाची मान मागे ताणली जाणार नाही हेही बघा, कारण जोडावर ताण येतो. या दोन गोष्टी विचारून माहीत करून घेतल्यावर मला बाजूला उभं राहायची भीती वाटेनाशी झाली.

बायकोच्या बाबतीत तुमचं खरं काम दूध पोचवण्याचं. बाळ तोंडाने घेत नाही म्हणून दूध काढणं थांबलं तर ते आटतं. चोवीस तासांत साधारण आठ वेळा पंप लागतो, रात्रीसुद्धा. सुरुवातीला बाटलीच्या तळाशी चमचाभर चीक दिसेल आणि ती रडेल. तेवढंही घेऊन जा. बाटलीवर वेळ लिहा. आमच्याकडे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कापसाच्या बोळ्याने एक थेंब ओठांना लावला होता. ते काम बायको व्हीलचेअरवरून येऊन स्वतः करायची, दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

आपलं काय चुकलं, याचा बायको मनातल्या मनात हिशेब करत असेल: तो ताप, ती गोळी, तो प्रवास. आमच्या सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भात सुरुवातीला एकच नळी असते, तिच्यातून पुढे श्वासनलिका आणि मागे अन्ननलिका वेगळी होते. ते वेगळं होणं नीट झालं नाही की अन्ननलिकेचा वरचा भाग खिशासारखा बंद राहतो आणि खालचा बहुतेक वेळा श्वासनलिकेलाच जोडलेला राहतो. हे सगळं गर्भ चार-सहा आठवड्यांचा असताना घडतं, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं न येतं तोवर. तो कागद बायकोने अजून जपून ठेवलाय. हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे सांगितला तर घाबरू नका. या दोषासोबत तिथेही काही असू शकतं, म्हणून हा दोष असलेल्या सगळ्याच बाळांचं हे तपासतात.

पुढचा टप्पा डाय टेस्टचा, ऑपरेशननंतर साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी. एक्स-रेत दिसणारं घोटभर औषध पाजून एक्स-रेमध्ये जोडातून गळतंय का बघतात. आमचं गळत होतं. मी नातेवाइकांना "आता दोन दिवसांत दूध सुरू" असं सांगून बसलो होतो, त्यामुळे वीस फोन करून तेच वीस वेळा सांगावं लागलं. (तुम्ही एका भावाला किंवा मित्राला नेमा, बाकीच्यांना तो कळवेल.) गळती बारीक होती, गळलेलं बाहेर काढणारी छातीतली नळी आणखी आठवडाभर ठेवली, गळती आपोआप बुजली. अशा बारीक गळत्या बऱ्याचदा बुजतात. पण तारखा मनात धरू नका. मी नंतर वहीत रोज फक्त तीन गोष्टी लिहायचो: वजन, आज काय बदललं, उद्या राऊंडला काय विचारायचं. डॉक्टर समोर आले की सगळं विसरायला होतं.

नळीने दूध सुरू झालं की त्याच वेळी बाळाला चोखायला काही देता येईल का, हे जरूर विचारा. पोट भरणं आणि तोंड हलणं यांचा संबंध बाळाला कळावा लागतो, नाहीतर महिनोन्महिने तोंडाला काही लावू देत नाही. आमच्याकडे हे उशिरा सुचलं आणि ते निस्तरायला वर्ष गेलं.

घरी आल्यावरचं थोडक्यात: श्वासनलिका मऊ असल्याने खोकला भुंकल्यासारखा येतो, ऐकणारे दचकतात. जोडाची जागा आकुंचन पावली तर ती फुग्याने रुंद करावी लागते. आमच्या मुलीची चार वेळा केली. दूध पिताना बाळ निळं पडलं किंवा लाळ गिळेनासं झालं तर थांबू नका, थेट दवाखाना.

आणि झोपायला घरी जा. विभागाचा थेट नंबर घेऊन ठेवा. रात्री दोनला जाग आली तर फोन करा आणि बाळ कसंय विचारा. मी रोज करायचो. मी नाव सांगायच्या आधीच पलीकडून त्या सिस्टर आवाज ओळखून म्हणायच्या, "झोपलीय. तुम्हीपण झोपा."