शाळेत मुलांना फळांचा खाऊ द्यायचाय, कसं जमवायचं?

आठवड्यातून एकदा वर्गातल्या सगळ्या मुलांना फळं द्यायची तर पैसे कसे काढायचे आणि कोणती फळं घ्यायची, असं विचारलंय तुम्ही. पैशांचं काय, महिन्याला वर्गणी काढा आणि हिशोब ग्रुपवर टाका. भांडणं फळांवरून होतात.

आम्ही जळगावचे. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने पार दिल्लीला जातात आणि इथे पालकांच्या मीटिंगमध्ये मी केळी म्हटलं तर एक बाबा लगेच, "केळं काय देताय मॅडम, जरा स्टँडर्ड ठेवा." मग स्टँडर्ड म्हणून सफरचंद आणि किवी आली. सफरचंद सकाळी घरून चिरून आणलेलं, छोट्या सुट्टीत डबा उघडला तर फोडी तांबूस, मऊ पडलेल्या, आणि डब्याला आधीच्या लोणच्याचा वास. किवी पोरांनी जिभेला लावून बघितली आणि बेंचखाली चिकटवून टाकली. ती खरवडून काढायला शाळेच्या मावशी होत्या, बाबा नव्हते.

पुढच्या वेळी मी कुणालाही न विचारता पेरू आणि मेहरूणची बोरं नेली, पेरूच्या फोडी तिथल्या तिथे चिरल्या, वर तिखट-मीठ. पोरं बोटं चाटत होती, बोरं खिशात कोंबत होती, त्यात स्टँडर्डवाल्या बाबांचा मुलगा सगळ्यात पुढे. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं आणि सफरचंदात जेमतेम ५, हे मी ग्रुपवर टाकलं तर बाबांचा नुसता अंगठा आला. सफरचंद वाईट नाही हो, पण भर उन्हाळ्यात ते एकतर कोल्ड स्टोरेजचं नाहीतर परदेशातलं, त्यासाठी सगळ्यांनी जास्तीची वर्गणी का भरायची?

तर तुम्ही सालीसकट देता येईल असं घ्या, केळी, संत्री. चिरायची भानगड नाही, हात लागत नाहीत, डबे विसळायला नकोत. केळी आदल्या दिवशी थोडी कडकच घ्या. दुकानातून नको, बाजारातल्या एकाच फळवालीला कायमचं ठरवून टाका, ती पिचकी माथी मारत नाही. आणि "केळ्याने सर्दी होते" म्हणणाऱ्या आज्या प्रत्येक वर्गात निघतात, त्यांच्याशी वाद घालू नका, वाद घालायला बाबा लोक पुरेसे असतात.

हां, बालवाडीची मुलं असतील तर बोरं अजिबात नको आणि द्राक्षं उभी चिरून द्या, घशात अडकतात. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे तेही आधी लिहून घ्या.