वृद्धाश्रमात सेवा केल्याचे कॉलेजात क्रेडिट मिळतात का?

तुमची मुलगी एफवायबीएला आहे, घराजवळच्या वृद्धाश्रमात जायचं म्हणते, आणि तुम्ही विचारताय की त्याचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक, मिळतात की नुसताच वेळ जातो.

मिळतात. पण देतं कॉलेज, आश्रम नाही. मी एका वृद्धाश्रमाचं ऑफिस सांभाळते, मुलांच्या तासांवर सही माझीच असते.

नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. २ क्रेडिटचा कम्युनिटी एंगेजमेंट प्रकल्प घेतला तर ६० तास. एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, हिशेब वेगळा: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तिच्या कॉलेजात यातलं काय आहे ते एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा, आणि आधी कॉलेजचं पत्र घ्या. एक मुलगा पत्राशिवायच दोन महिने आमच्याकडे आला. ते तास कॉलेजने धरले नाहीत. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला.

वेळ वाया जातो का, हे मात्र कॉलेजवर आहे. एकदा चाळीस मुलं बॅनर घेऊन आली. फळवाटप, फोटो, तासाभरात परत. आमच्या मधुमेही आजोबांच्या हातात दोन-दोन केळी! सोबतच्या सरांनी प्रत्येकाचे २० तास लिहिलेला कागद पुढे केला. मी सही केली नाही. सर अजून माझ्याशी बोलत नाहीत.

याउलट नोव्हेंबरात आलेल्या दोन मुली. पेन्शनवाल्यांना त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि भांडी घासून, शेतात राबून झिजलेले अंगठे मशीनवर उमटतच नाहीत. मुलींनी मोबाइलवर जीवन प्रमाण हे हयातीच्या दाखल्याचं सरकारी ॲप घेतलं आणि चेहरा दाखवून एकेकीचे दाखले करून दिले. एका आजींना पापण्यांची उघडझाप करायला सांगितली तर त्या डोळे मिटून बसूनच राहिल्या. अर्धा तास त्यातच गेला. तो अर्धा तास मी आनंदाने लिहिला.

मुलीला औषध देणं, उचलून बसवणं, डायपर बदलणं यातलं काही करू देऊ नका. ती आमच्या मावश्यांची कामं आहेत, त्यासाठी हात तयार असावा लागतो. वर्तमानपत्र वाचून दाखवणं, नखं कापणं, फोन लावून देणं, पत्ते खेळणं, एवढं पुष्कळ झालं. दर वेळी आल्याची-गेल्याची वेळ वहीत लिहून तिथल्या तिथे सही घ्यावी. सत्राच्या शेवटी एकदम ६० तासांवर सही मागणारे आम्ही लगेच ओळखतो.

आणि रविवार नको. रविवारी नातेवाईक येतात, वाढदिवसाची जेवणं असतात. बुधवारी दुपारी कुणीच नसतं.