नुकतीच शुगर निघाली असेल तर

गोड खाल्ल्यानेच झालं, हे आधी डोक्यातून काढा. टाइप २ मधुमेहात इन्सुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक) असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. आनुवंशिकता, पोटाचा घेर, बैठं काम यांचा त्यात हात असतो. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, तिथे इन्सुलिनला पर्याय नाही.

एचबीए१सी ही रक्ततपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी जिलबी टाळून काही साधत नाही (सगळे तेच करतात!).

खरी गोची उपवासाची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यामुळे खिचडीने साखर भराभर चढते. उलट इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असताना कडकडीत उपवास केलात तर साखर ७० mg/dL च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, धडधड सुरू झाली की लगेच १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. एकादशीआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

कारल्याच्या रसाच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. रोज तळपाय बघा. संवेदना कमी झाली की चप्पल चावलेलीही कळत नाही. आणि नीट दिसत असलं तरी डोळ्यांचा पडदा आत्ताच तपासून घ्या.