न झालेली मोजणी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

विधिमंडळाचं वार्तांकन तुझ्याकडे आल्याचं कळलं. तुझा प्रश्न मोठा नेमका आहे: सत्ताधारी पक्ष नवा मुख्यमंत्री देतो तेव्हा ठरवतं कोण, आमदार की दिल्ली? अर्धं उत्तर तुला ठाऊकच असणार. उरलेलं अर्धं लिहितो, कारण बातमी तिथेच असते.

आधी राज्यघटना काढून बस. अनुच्छेद १६४ सांगतो की मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राज्यपाल करतील आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. तिथेच पुढे असंही आहे की कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिने मंत्री राहता येतं. २०१०मध्ये पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून आले ते राज्यसभेचे सदस्य म्हणून, आणि नंतर विधान परिषदेवर गेले. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ला शपथ घेताना कुठल्याच सभागृहात नव्हते. करोनामुळे परिषदेची निवडणूक लांबली आणि सहा महिन्यांची मुदत संपायला दोन आठवडे उरले असताना, १४ मे २०२०ला ते बिनविरोध निवडून आले. एवढं घटनेत आहे. पक्षाने आपला नेता कसा निवडावा, मतदान घ्यावं की हात वर करावेत, यावर घटना गप्प आहे. तिथून पुढे प्रथा, सोय आणि श्रेष्ठींची मर्जी.

प्रथेप्रमाणे क्रम असा. निवडून आलेल्या आमदारांचा मिळून विधिमंडळ पक्ष होतो. त्याच्या बैठकीची नोटीस निघते. दिल्लीहून दोन-तीन निरीक्षक येतात. हजेरीपटावर सह्या होतात. एक ज्येष्ठ नेता नाव सुचवतो, दोघं-चौघं अनुमोदन देतात, दुसरं नाव येत नाही, टाळ्या वाजतात. मग गटनेता, म्हणजे विधिमंडळ पक्षाचा नेता, निवडल्याचा ठराव आणि पाठिंब्याचं पत्र घेऊन मंडळी राज्यपालांकडे जातात, सत्तास्थापनेचा दावा करतात, राज्यपाल निमंत्रण देतात, शपथ होते. बैठक पुष्कळदा अर्ध्या तासात आटोपते. आत मतं मोजली जात नाहीत. ही न झालेली मोजणी डोक्यात पक्की ठेव. ती बैठकीत टळली, तरी बहुतेक वेळा पुढे दुसरीकडे कुठेतरी होतेच.

पूर्वी अगदीच होत नव्हती असं नाही. लालबहादूर शास्त्री ११ जानेवारी १९६६ला ताश्कंदमध्ये गेले. गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले आणि १९ जानेवारीला संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये काँग्रेसच्या खासदारांनी गुप्त मतदान केलं. इंदिरा गांधींना ३५५ मतं पडली, मोरारजी देसाईंना १६९. निकाल तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष कामराज आणि बहुसंख्य मुख्यमंत्र्यांनी आधीच इंदिराबाईंच्या बाजूने झुकवला होता, हे खरंच. पण त्या १६९ला किंमत होती. हरलेल्या माणसाच्या मागे किती जण आहेत, हे त्याला, जिंकणाऱ्याला आणि साऱ्या देशाला कळलं. पुढच्याच वर्षी, निवडणुकीनंतर, मोरारजी उपपंतप्रधान झाले. आता हे आपल्याकडच्या बिनविरोध निवडीशी ताडून बघ. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांपैकी एकाची निवड होते, बाकीच्यांचं बळ कधी मोजलंच जात नाही, आणि मग प्रत्येक जण 'माझ्याकडे तीस होते' असं खासगीत सांगत फिरतो. खोटं पाडणार कोण? पुढच्या नाराजीचं बी इथे पेरलं जातं.

काँग्रेसमध्ये यासाठी एका ओळीचा ठराव असतो: नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. तो मंजूर होतो आणि निरीक्षक प्रत्येक आमदाराला एकेकटं बोलावून मत विचारतात. कर्नाटकात मे २०२३मध्ये २२४पैकी १३५ जागा जिंकल्यावर सिद्धरामय्या आणि डी. के. शिवकुमार यांच्यात हेच झालं. निरीक्षकांमध्ये आपले सुशीलकुमार शिंदे होते. आमदारांची मतं लेखी आणि गुप्तपणे घेतली आणि दिल्लीला नेली. म्हणजे मोजणी झाली, पण आकडा जाहीर झाला नाही. निर्णय यायला १८ मे उजाडला, शपथ २०ला झाली. मला ही पद्धत सगळ्यांत वाईट वाटते. मतं घ्यायची आणि सांगायची नाहीत, मग दोन्ही बाजूंनी आपापला आकडा ठोकून द्यायचा.

भाजपची रीत वेगळी. तिथे निरीक्षक मतं गोळा करायला कमी आणि नाव पोचवायला जास्त येतात. डिसेंबर २०२३चे व्हिडिओ शोधून काढ. भोपाळच्या बैठकीआधीच्या सामूहिक छायाचित्रात मोहन यादव, ज्यांना त्या बैठकीने मुख्यमंत्रिपदासाठी निवडलं, तिसऱ्या रांगेत बसलेत. दुसऱ्या दिवशी जयपूरच्या छायाचित्रात भजनलाल शर्मा शेवटच्या रांगेत उभे आहेत, पहिल्यांदाच आमदार झालेले, आणि राजस्थानसाठी नाव निघालं ते त्यांचं. मग निरीक्षक राजनाथ सिंह यांच्या शेजारी बसलेल्या वसुंधरा राजेंच्या हातातली ती चिठ्ठी बघ. दोनदा मुख्यमंत्री झालेल्या बाईंनी चिठ्ठी उघडून वाचली आणि नाव सुचवलं. भोपाळमध्ये तेच काम शिवराजसिंह चौहानांनी केलं. सूचक नेहमी नीट बघ. नाव सुचवायला बहुधा त्यालाच उभं करतात ज्याची स्वतःची संधी हुकलेली असते, कारण त्याच्या तोंडून नाव आलं की बंडाची वाट तिथेच बुजते. 'एकमताने निवड' हे मथळ्यात जाईल. सूचक कोण आणि अनुमोदक कोणकोणत्या विभागांतले, हे तुझ्या बातमीत यायला हवं.

आता तयारीचं. बैठकीची कुणकुण लागण्याआधी वही तयार पाहिजे. सत्ताधारी पक्षाच्या प्रत्येक आमदाराला एक ओळ: मतदारसंघ, कितवी टर्म, तिकीट कुणाच्या शब्दावर मिळालं, जिल्हा बँकेत वा साखर कारखान्यात काय पद, कारखान्याला सरकारची थकहमी (कर्ज थकलं तर सरकार फेडेल ही हमी) आहे का. शेवटच्या रकान्याला हसू नकोस. आमदार गटाबरोबर का गेला याचं उत्तर भाषणात क्वचितच मिळतं आणि या रकान्यात वारंवार मिळतं. मग निरीक्षकांची नावं जाहीर झाली की बघ, ते ऐकून घेणारे आहेत की सांगणारे. त्याच वेळी शपथविधीच्या तयारीकडे लक्ष ठेव, कारण मांडव लपत नाही. २०२४मध्ये ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ होणार हे आधी जाहीर झालं, आणि भाजपची गटनेता निवडण्याची बैठक विधान भवनात त्यानंतर, ४ तारखेला झाली. निर्मला सीतारामन आणि विजय रूपाणी निरीक्षक म्हणून आले, देवेंद्र फडणवीसांची निवड झाली. नवरदेवाचं नाव जाहीर व्हायच्या आधी कार्यालय ठरलेलं होतं!

त्या वेळी निकालापासून शपथेपर्यंत १२ दिवस गेले. तू म्हणशील, भाजपच्या १३२ जागा, शिंदेंच्या शिवसेनेच्या ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या ४१. बहुमताला १४५ पुरतात आणि इथे २३० आहेत, मग अडलं कुठे? आघाडीत नेता निवडीच्या दोन पायऱ्या असतात. आपल्या पक्षाचा नेता प्रत्येक पक्ष निवडतो, ते सोपं. मित्रपक्षाला काय द्यायचं हे त्याआधी मिटावं लागतं, आणि तिथे वेळ जातो. गृह, अर्थ, नगरविकास ही खाती कुणाकडे, विधानसभेचं अध्यक्षपद कुणाकडे, हे विचार. मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे २८८च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह ४३. इच्छुकांची यादी त्याच्या दुप्पट धर.

गोव्याने हे एका रात्रीत उरकलं होतं. मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ला गेले. ४०च्या सभागृहात तेव्हा ३६ सदस्य उरले होते आणि भाजपचे त्यांत फक्त १२, काँग्रेसचे १४. बाकी सरकार गोवा फॉरवर्डच्या तीन, मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तीन आणि तीन अपक्षांवर उभं. १८ तारखेची रात्र उलटून पहाटे दोनच्या सुमारास राजभवनावर प्रमोद सावंतांची शपथ झाली, सोबत विजय सरदेसाई आणि सुदिन ढवळीकर हे दोन उपमुख्यमंत्री. एवढ्या लहान राज्याला दोन, कारण दोन्ही मित्रपक्ष तेवढ्यावरच थांबले होते. सावंत आदल्या दिवसापर्यंत विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यामुळे २० मार्चच्या बहुमत चाचणीत उपाध्यक्षांनी काम पाहिलं: २० विरुद्ध १५. आणखी आठवडाभरात मगोचे तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले आणि ढवळीकरांचं मंत्रिपद गेलं. शपथेच्या रात्री दिलेल्या शब्दाची मुदत किती, हेही टिपून ठेवत जा.

कागदाबद्दल सर्वांत जास्त सावध राहा. हजेरीपटावरची सही, गटनेता निवडीच्या ठरावावरची सही आणि राज्यपालांना द्यायच्या पाठिंब्याच्या पत्रावरची सही या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आमदार घाईत तिन्ही करून मोकळे होतात. नोव्हेंबर २०१९मध्ये राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्या राज्यपालांपुढे गेल्या त्या गटनेते म्हणून अजित पवारांनी भाजपला पाठिंबा देणारं जे पत्र दिलं त्यासोबत. त्या सह्या गटनेता निवडीसाठी होत्या, भाजपला पाठिंब्यासाठी नव्हत्या, असा युक्तिवाद दुसऱ्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात झाला. न्यायालयाने २६ तारखेला दुसऱ्या दिवशीच बहुमत चाचणी घ्यायला सांगितली, आणि त्याच दुपारी फडणवीस-अजित पवार सरकारने राजीनामा दिला. म्हणून कुणी 'आमच्याकडे इतक्या सह्या आहेत' म्हणालं तर पहिला प्रश्न विचार: कोणत्या कागदावर? दुसरा: तारीख काय?

मोजणी टाळल्याचं काय होतं, त्याचे दोन नमुने देतो. राजस्थानात २५ सप्टेंबर २०२२ला काँग्रेसचे निरीक्षक मल्लिकार्जुन खर्गे आणि अजय माकन बैठकीसाठी जयपुरात थांबले होते. मुख्यमंत्री अशोक गेहलोतांच्या जागी सचिन पायलट येणार असा अंदाज होता. आमदार बैठकीला आलेच नाहीत. मंत्री शांती धारीवाल यांच्या घरी वेगळे जमले आणि ८०हून अधिक जणांनी विधानसभा अध्यक्षांकडे राजीनामे दिले. बैठक रद्द, गेहलोत कायम. एका ओळीच्या ठरावालासुद्धा आमदार खुर्चीत बसलेले लागतात.

दुसरा नमुना आपल्या घरचा. २१ जून २०२२ला शिवसेनेने बंड केलेल्या एकनाथ शिंदेंना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरींना नेमलं. तिकडे शिंदेंसोबतच्या आमदारांनी ठराव करून शिंदेच नेते आणि भरत गोगावले मुख्य प्रतोद (मतदानासाठी पक्षाचा आदेश काढणारा) असल्याचं जाहीर केलं. एका पक्षाचे दोन गटनेते, दोन प्रतोद. मोजणी सुरतेत सुरू झाली, गुवाहाटीच्या हॉटेलात चालली, आणि ५५पैकी ४० आमदार शिंदेंकडे गेले. ४ जुलैला सभागृहात १६४ विरुद्ध ९९. यानंतर ११ मे २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाच. त्यात म्हटलंय की सभागृहातला नेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. गोगावलेंना मिळालेली मान्यता बेकायदा ठरली. शिंदेंचं सरकार मात्र तरलं, कारण ठाकरे बहुमत चाचणीला सामोरे न जाता आधीच राजीनामा देऊन बसले होते. खरा पक्ष कुणाचा हा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे आला आणि १० जानेवारी २०२४ला त्याचं उत्तर शिंदेंच्या बाजूने लागलं. तुझ्या मूळ प्रश्नाचं कायदेशीर उत्तर या निकालात आहे: कागदोपत्री पक्ष ठरवतो. पण पक्ष कोण, हे आमदारांच्या आकड्याने ठरू शकतं, आणि तू पुन्हा मोजणीवर येतेस.

शेवटी तुझ्या कॉपीतल्या शब्दांचं. बैठकीत होते ती 'गटनेतेपदी निवड'. 'मुख्यमंत्रिपदी निवड' असं काही नसतं, तिथे नियुक्ती असते आणि ती राज्यपाल करतात. राजीनामा दिलेला मुख्यमंत्री 'काळजीवाहू', 'माजी' नव्हे, नव्याची शपथ होईपर्यंत. निमंत्रण हातात पडेस्तोवर 'दावा केला' एवढंच लिही. डेस्कवर कुणी घाई केली तर २३ नोव्हेंबर २०१९चे अंक काढून दाखव. आदल्या रात्री शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तीन पक्षांचं उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झालं होतं, आणि छापलेले मथळे तेच सांगत होते. पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या आसपास राजभवनावर फडणवीस आणि अजित पवारांची शपथ झाली. लोकांच्या हातात अंक होता आणि समोर टीव्ही सुरू होता. मथळा खरा झाला, पण पाच दिवसांनी, शिवाजी पार्कवर.

तुझा,
काका